अंगावर काढलेल्या दुखण्याचा हिशेब

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत एचआर विभाग सांभाळता. कंपनी आरोग्यविम्याचे क्लेम तपासून देते आणि तेथे सुमारे १८० माणसे आहेत : बरीचशी क्लेमच्या टेबलावर, काही फोनवर, थोडी हिशेब विभागात. आजारी असूनही कामावर येणाऱ्या माणसांमुळे वर्षाला किती रुपयांचे नुकसान होते, तो आकडा पुढच्या तिमाही बैठकीत सांगा, असे व्यवस्थापनाने आपल्याला सांगितले आहे. आपल्याला एक तयार तक्ता मिळाला आहे, ज्यात दरडोई वाया गेलेले ठरावीक दिवस आधीच भरलेले आहेत आणि आपण फक्त माणसांची संख्या व सरासरी पगार घालायचा आहे. हा तक्ता भरून द्यावा का, आणि द्यायचा नसेल तर नक्की काय मोजावे, हे आपण विचारले आहे.

उत्तर आधीच सांगते : तो तक्ता भरून देऊ नये. मी गेली २२ वर्षे मुंबई आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक आरोग्याची डॉक्टर म्हणून काम करते आहे, आणि असे तयार तक्ते अनेक कंपन्यांच्या बैठकांत पाहिले आहेत. त्यातून निघणारा आकडा मोठा असतो, पण तो आपल्या कंपनीचा नसतो. जी माणसे कोणी मोजलीच नाहीत, त्यांच्याविषयी तो काहीही सांगू शकत नाही. पहिल्या वर्षी त्याने खळबळ उडते आणि दुसऱ्या वर्षी कोणी विचारते की, आपण एवढे उपाय केले, मग आकडा किती कमी झाला? त्या वेळी तोच तक्ता पुन्हा तेवढाच आकडा देतो, कारण त्यात दिवस आधीच छापलेले असतात.

आपल्या व्यवस्थापनाने रुपये विचारले असले तरी त्यांची खरी गरज वेगळी आहे, असे मला वाटते. दुखणे अंगावर काढण्यामुळे कोणत्या प्रकारच्या कामात, वर्षाच्या कोणत्या काळात आणि कोणत्या कारणाने काम बिघडते, आणि आपण काही बदल केल्यावर ते बिघडणे कमी होते का, हे त्यांना कळायला हवे. म्हणजे मोजायची आहे ती तुलना. त्याच माणसांची, त्याच प्रश्नांनी, आधीची आणि नंतरची स्थिती. अशा तुलनेसाठी माप थोडे चुकीचे असले तरी चालते, फक्त ते दर वेळी एकाच दिशेने आणि सारखेच चुकले पाहिजे. एकरकमी रुपयांसाठी मात्र माप अचूक लागते, आणि तेवढे अचूक माप या विषयात आज कोणाजवळही नाही.

असे का, ते सांगते. गैरहजेरी मोजणे सोपे असते, कारण मस्टरवर ती दिसते. आजारी माणूस मस्टरवर हजर असतो. त्याचे किती काम झाले नाही, हे कळण्यासाठी तो बरा असता तर किती काम झाले असते हे माहीत असावे लागते, आणि ते कोठेही नोंदलेले नसते. म्हणून मग माणसालाच विचारतात. या कामासाठी ज्या प्रश्नावल्या जगभर वापरल्या जातात, त्यांतल्या दोन आपल्याला उपयोगी पडतील, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात हे समजून घेतल्याशिवाय त्यांतली एकही वापरू नये.

पहिली डब्ल्यूपीएआय (वर्क प्रॉडक्टिव्हिटी अँड ॲक्टिव्हिटी इम्पेअरमेंट), जी मार्गारेट रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडली. तीत सहाच प्रश्न आहेत आणि ते मागच्या सात दिवसांपुरते आहेत : आपण नोकरी करता का, प्रकृतीमुळे किती तास कामावर येता आले नाही, इतर कारणांनी किती तास गेले, प्रत्यक्ष किती तास काम केले, त्या तासांत प्रकृतीचा कामावर किती परिणाम झाला (० ते १०), आणि घरच्या रोजच्या कामांवर किती. दुसरी जागतिक आरोग्य संघटनेसाठी हार्वर्डचे रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली एचपीक्यू (हेल्थ अँड वर्क परफॉर्मन्स क्वेश्चनेअर), जी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील या विषयाचा मुख्य प्रश्न असा की, गेल्या चार आठवड्यांत आपण एकूण कसे काम केले, त्याला ० ते १० गुण द्या. आणि तुलनेसाठी, आपल्यासारखे काम करणारी बहुतेक माणसे कसे काम करतात त्यालाही गुण द्या.

फरक लक्षात घ्या. एचपीक्यूच्या या प्रश्नात प्रकृतीचा उल्लेखच नाही. म्हणून सर्व्हर बंद पडला, वरिष्ठांशी खटका उडाला, हार्बर लाइन दोन तास अडकली, हे सारे त्या गुणांत उतरते. डब्ल्यूपीएआय मात्र उत्तर देणाऱ्यावरच सोपवते की, कामावर झालेल्या परिणामापैकी प्रकृतीमुळे किती झाला ते त्याने वेगळे काढावे. एचपीक्यूत आजार इतर गोष्टींत मिसळतो. डब्ल्यूपीएआयमध्ये माणसाच्या स्वतःच्या निदानावर भिस्त असते, आणि डोके दुखते आहे ते झोप न झाल्याने की चष्म्याचा नंबर वाढल्याने, हे त्याला कळतेच असे नाही. एकाच माणसांना वेगवेगळ्या प्रश्नावल्या दिल्या तर वाया गेलेले तास बरेच वेगवेगळे निघतात, हे संधिवाताच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून एक प्रश्नावली ठरवावी आणि काही झाले तरी मध्येच बदलू नये. आपल्या कामासाठी मी डब्ल्यूपीएआय निवडीन, कारण सात दिवसांचे माणसाला आठवते. चार आठवड्यांपूर्वी मंगळवारी अंग दुखत होते का, हे मलाही आठवणार नाही. कामावरच्या अडचणींचे प्रकार तपशिलात हवे असतील तर डेब्रा लर्नर यांची २५ प्रश्नांची डब्ल्यूएलक्यू (वर्क लिमिटेशन्स क्वेश्चनेअर) आहे, पण १८० माणसांकडून २५ प्रश्न मनापासून भरून घेणे कठीण असते.

आता हिशेब कसा होतो ते एका काल्पनिक माणसावरून पाहू. त्याचा आठवडा ४८ तासांचा आहे. तापामुळे तो ८ तास आला नाही आणि ४० तास काम केले. त्या ४० तासांत प्रकृतीचा परिणाम किती, या प्रश्नाला त्याने ३ हे उत्तर दिले. गैरहजेरीचा भाग ८ भागिले ४८, म्हणजे सुमारे १६.७ टक्के. हजर तासांतला तोटा ४० तासांच्या ३० टक्के, म्हणजे १२ तास. दोन्ही मिळून ४८ पैकी २० तास, म्हणजे सुमारे ४१.७ टक्के. त्याचा पगार ३१,२०० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर तासाला १५० रुपये पडतात आणि ते १२ तास १,८०० रुपयांचे होतात. गणित एवढेच आहे आणि त्यात चूक नाही. चूक पुढच्या पायरीवर होते, जेव्हा कोणी हेच १,८०० रुपये १८० माणसांनी आणि ५२ आठवड्यांनी गुणून सुमारे १ कोटी ६८ लाखांचा आकडा पडद्यावर दाखवतो.

त्या गुणाकारात किती गोष्टी गृहीत धरल्या जातात, ते आपल्याला एका प्रसंगावरून सांगते. आपल्यासारखेच क्लेमचे काम करणारी एक कंपनी होती. जुलै महिना होता. एक तिशीतली प्रोसेसर, म्हणजे क्लेमच्या फायली हाताळणारी कर्मचारी, डेंग्यूतून उठून चौथ्या दिवशी कामावर आली होती, कारण तिच्या किरकोळ रजा संपल्या होत्या. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तेथून मेट्रो असा तिचा रोजचा रस्ता. अशक्तपणामुळे उभे राहवत नव्हते म्हणून ती आधी उलट कल्याणला जाई आणि तेथून बसायला जागा मिळवून येई, म्हणजे प्रवासातच अर्धा-पाऊण तास वाढला होता. मी तिच्या शेजारी बसून काम पाहिले. रुग्णालयाचे बिल उघडायचे, खोलीभाड्याची रक्कम वाचायची, मग पॉलिसीच्या पानावर जाऊन मर्यादा पाहायची, इतके साधे काम होते. पण पॉलिसीच्या पानावर पोहोचेपर्यंत बिलावरची रक्कम तिच्या डोक्यातून गेलेली असे आणि ती परत मागे जाई. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तिने टेबलावरचे कॅलेंडर उलटे केले आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे लिहून ठेवायला सुरुवात केली. दुपारी ती जेवायला उठली नाही. संध्याकाळी तासभर जास्त थांबली.

महिन्याच्या शेवटी सिस्टममधील अहवाल आला तेव्हा तिने पूर्ण केलेल्या फायलींची संख्या जूनइतकीच होती. अहवालावरून पाहिले तर तिचे काहीच बिघडले नव्हते. संख्या घसरली होती ती तिच्या फायली तपासणाऱ्या चेकरची. ती बाई पूर्ण बरी होती; पण तिच्याकडे येणाऱ्या फायलींत चुका वाढल्यामुळे तिला त्या परत पाठवाव्या लागत होत्या, पुन्हा तपासाव्या लागत होत्या, आणि तेवढ्या वेळात तिचे स्वतःचे काम मागे पडत होते. टीम लीडरने त्या महिन्यात कामातली ढिलाई म्हणून तिलाच बोलावून समज दिली. दुखणे एका टेबलावर होते आणि त्याचा तोटा दुसऱ्या टेबलाच्या नावावर पडला होता. तेव्हापासून मी कोणत्याही कंपनीत गेले की पहिला प्रश्न विचारते : या माणसाचे काम पुढे कोणाच्या हातात जाते?

फोनवरच्या कामात याहून फसवे चित्र मी पाहिले आहे. घसा बसलेला माणूस कमी बोलतो. कॉल लवकर आटोपतो, त्यामुळे सरासरी कॉलचा वेळ कमी होतो आणि त्या आठवड्यात तो चक्क चांगला दिसतो. नीट उत्तर न मिळालेला ग्राहक दोन दिवसांनी पुन्हा फोन करतो आणि तो कॉल दुसऱ्याच कोणाला लागतो. फोनवरचे काम यंत्रात नोंदले जात असल्यामुळे ते मोजायला सोपे वाटते, आणि अमेरिकेतील एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये वेन बर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशाच नोंदींवरून आजार आणि कामगिरी यांचा संबंध दाखवला होता. तो अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण तो माणसाच्या आठवणीवर अवलंबून नव्हता. पण आपल्याकडे नोंदी वापरायच्या असतील तर कॉलच्या वेळेबरोबर त्याच ग्राहकाचे सात दिवसांत पुन्हा आलेले कॉल मोजावेत, आणि क्लेमच्या टेबलावर फायलींच्या संख्येबरोबर परत आलेल्या फायली मोजाव्यात. हिशेब विभागात अशी रोजची नोंद नसते. तेथे प्रश्नावलीवरच थांबावे.

आता प्रश्नावलीकडे परत येते, कारण ती कशी विचारली जाते यावर सारे अवलंबून आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कारखान्यात असा फॉर्म वाटला होता आणि त्यावर तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा ओळख क्रमांक, लिहून घेतला होता. हेतू चांगला होता : ज्यांना त्रास आहे त्यांना पुढे तपासणीला बोलावता येईल. फॉर्म परत आले तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी परिणाम शून्य लिहिला होता. आठवड्याभरात त्यांतलाच एक फिटर माझ्या ओपीडीत आला आणि म्हणाला, "मॅडम, कागदावर विचारलंत तर मी ठणठणीत आहे. इथं विचारलंत तर सांगतो, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही." त्याच महिन्यात बढतीची यादी निघायची होती. मी ते सर्वेक्षण रद्द केले, आणि रद्द करण्याचे कारण कामगारांना सांगायला हवे होते ते सांगितले नाही, याची मला आजही रुखरुख आहे. कारण पुढच्या वेळी त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मीच निर्माण केला होता.

म्हणून आपल्याकडे फॉर्मवर नाव नको, एम्प्लॉयी कोड नको, आणि आजाराचे नावही नको. पाठ-मान-सांधे, ताप-सर्दी-खोकला, डोकेदुखी, पोट, थकवा किंवा मनावरचा ताण, पाळीचा त्रास, इतर, एवढे ढोबळ गट पुरेत. दहापेक्षा कमी उत्तरे असलेल्या विभागाचे निकाल वेगळे दाखवू नयेत. नाहीतर हिशेब विभागातल्या पाचजणांत पाळीचा त्रास कोणी लिहिला हे सगळ्यांना कळते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माणसाची माहिती कोणत्या कारणासाठी घेतली आणि कोणासमोर उघड केली, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे, ही गोष्ट व्यवस्थापनाला सांगितली की निनावीपणाला होणारा विरोध सहसा मावळतो. फॉर्म शक्यतो बाहेरच्या माणसाने, म्हणजे आपल्या कंपनी डॉक्टरांनी किंवा तशा कोणी गोळा करावेत. एचआरच्या ईमेलवरून आलेली लिंक निनावी आहे, यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

भाषेविषयी एक गोष्ट आवर्जून सांगते. "आपल्या उत्पादकतेवर किती परिणाम झाला" असे विचारू नये. क्लेम तपासणाऱ्या माणसाला उत्पादकता म्हटले की कारखान्यातला माल आठवतो आणि हा प्रश्न आपल्यासाठी नाही असे समजून तो रकाना रिकामा सोडतो. "तब्येतीमुळे कामावर किती परिणाम झाला" एवढे पुरते. ० ते १० च्या मापाखाली दोन्ही टोकांना शब्द लिहावेत : काहीच परिणाम नाही, आणि काम करताच आले नाही. आपल्याकडे दहापैकी दहा म्हणजे उत्तम, ही शाळेपासूनची सवय आहे. या प्रश्नावलीत १० म्हणजे सर्वांत वाईट, आणि एचपीक्यूत १० म्हणजे सर्वांत चांगले. टोकांचे शब्द नसतील तर काही फॉर्म उलटे भरले जातात आणि ते कोणते, हे नंतर ओळखता येत नाही. प्रश्नावलीचा मान्य मराठी आणि हिंदी अनुवाद मिळतो का, ते आधी पाहावे आणि वापराची परवानगी घ्यावी.

मूळ सहा प्रश्नांना मी माझ्याकडून दोन जोडते. पहिला : मागे राहिलेले काम शेवटी कोणी आणि केव्हा केले? मीच नंतर कामाच्या वेळेत, मीच जादा थांबून किंवा घरी नेऊन, सहकाऱ्याने, की झालेच नाही? याची उत्तरे रुपयांचा आकडा मुळापासून बदलतात. वरच्या उदाहरणातील १२ तासांपैकी ७ तास त्या माणसाने रात्री जागून भरून काढले असतील तर कंपनीचा तोटा ५ तासांचा आहे. उरलेल्या ७ तासांचा तोटा त्याच्या झोपेचा आणि बरे होण्याचा आहे. तो कंपनीच्या खर्चात धरता येत नाही, पण मी तो अहवालात वेगळ्या ओळीत नेहमी लिहिते, कारण तो लिहिला नाही तर कोणालाच दिसत नाही. उलट दिशेनेही चूक होते : ज्याच्या कामासाठी पाचजण खोळंबतात त्याचा तास त्याच्या पगारापेक्षा महाग असतो. अर्थशास्त्रज्ञ मार्क पॉली आणि शॉन निकोल्सन यांनी याचा पद्धतशीर विचार केला आहे. गटाने होणारे, वेळेला बांधलेले आणि बदली माणूस न मिळणारे काम असेल तर तोटा पगाराहून जास्त धरावा, असे त्यांचे म्हणणे. म्हणून रुपये सांगायचेच झाले तर एक आकडा न सांगता कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा सांगावी, आणि दोन्ही कशा काढल्या ते लिहावे.

दुसरा प्रश्न : बरे नसताना कामावर का आलात? या एका प्रश्नाच्या उत्तरांनी मला सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त शिकवले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे; मुलाची शाळा, गावची कामे, सणवार यांत ती जुलैपर्यंत संपलेली असते. ज्यांचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे, ते कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात आणि त्यांना आजारपणात सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण आजारपणाचे पहिले दोन दिवस साधारणपणे त्यात धरले जात नाहीत. मागच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडले तरच ते मिळतात. व्हायरल तापात माणूस बहुतेक एक-दोन दिवसच घरी राहणार असतो, आणि नेमके तेच दिवस बिनपगारी जातात. काहींचा उपस्थितीवरचा इन्सेंटिव्ह एका रजेने बुडतो. आणि काहींचे उत्तर अगदी वेगळे असते : माझे काम दुसऱ्या कोणाला येत नाही, मी परत येईन तेव्हा ढीग तसाच असेल. पहिल्या तिघांना रजेचे आणि इन्सेंटिव्हचे नियम बदलून मदत होते. चौथ्याला दुसरा माणूस तयार करूनच होते. ही चार कारणे वेगळी न काढता नुसता तोटा मोजला, तर उपाय नेमका कोठे करायचा हेच कळणार नाही.

येथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर : सात दिवसांचा छोटा निनावी फॉर्म, त्यात दोन जादा प्रश्न, जोडीला परत आलेल्या फायली आणि पुन्हा आलेले कॉल, आणि रुपये फक्त मर्यादेत.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य करते. हंगाम ही त्यांतली सर्वांत मोठी. मुंबईत जून ते सप्टेंबर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि साधे व्हायरल ताप एकत्र येतात. डेंग्यूनंतरचा थकवा कित्येकांना काही आठवडे पुरतो. ऑगस्टमधल्या एका आठवड्यावरून वर्षाचा हिशेब काढला तर तो फुगतो आणि फेब्रुवारीवरून काढला तर आक्रसतो. म्हणून वर्षातून निदान तीन फेऱ्या घ्याव्यात आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यांची त्याच महिन्यांशी तुलना करावी. वय, प्रवासाचे अंतर आणि घरून काम करण्याची मुभा यांनीही फरक पडतो. घरून काम असेल तर माणूस ताप असताना अंथरुणात लॅपटॉप उघडतो, आणि तो आजारी होता हे मस्टरला किंवा टीम लीडरला कधीच कळत नाही.

आजारी असताना केलेले प्रत्येक काम म्हणजे नुकसान, असेही धरू नये. जुनी पाठदुखी, नियंत्रणात असलेला मधुमेह किंवा नैराश्यातून सावरत असलेली माणसे माझ्याकडे नेहमी येतात. त्यांतल्या अनेकांना काम, सहकारी आणि दिवसाचे ठरलेले वेळापत्रक यांचा आधार असतो आणि घरी बसवले तर ती खचतात. त्यांना हवे असते ते बसण्याची व्यवस्था, मधूनच उठण्याची मोकळीक, काही दिवस हलके काम. आणखी एक हिशेबाची गोष्ट : ७० टक्के क्षमतेने काम करणाऱ्याचा तोटा ३० टक्के असला, तरी तो घरी राहिला असता तर त्या दिवसाचा तोटा १०० टक्के झाला असता. हे ऐकून एखादा व्यवस्थापक म्हणेल की, मग येतात तेच बरे. त्या वेळी त्यांना सांगावे की, त्या एका दिवसापुरते ते खरे आहे. तापाचा माणूस शेजारच्या चौघांना आजारी पाडतो का, आणि दोन दिवसांत बरा होणारा दहा दिवस रेंगाळतो का, हे त्या दिवसाच्या आकड्यात मावत नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल २ या दीर्घकालीन अभ्यासातून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मी अशा बैठकांत सांगते : प्रकृती चांगली नसतानाही आजारपणाची रजाच न घेणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, तशाच प्रकृतीच्या पण माफक रजा घेणाऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट होते. रजा न घेतल्यामुळेच ते झाले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण रजा न घेणारा माणूस निरोगी असतो हा समज त्यातून नक्कीच मोडतो.

बैठकीत कोणी परदेशी आकडा पुढे करील, त्याचीही तयारी ठेवावी. बहुधा तो वॉल्टर स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासातला असेल : डोकेदुखी, पाठदुखी, संधिवात अशा दुखण्यांमुळे अमेरिकेत वर्षाला ६१.२ अब्ज डॉलरचे काम वाया जाते आणि त्यातला ७६.६ टक्के भाग माणसे कामावर हजर असतानाचा आहे. अभ्यास मोठा आणि चांगला आहे. त्यातून एवढे घ्यावे की, नुकसानीचा मोठा वाटा मस्टरवर दिसत नाही. तो टक्का उचलून अंधेरीतल्या क्लेमच्या टेबलाला लावू नये. तेथला माणूस, त्याची रजा, त्याचा प्रवास आणि त्याचे आजार वेगळे आहेत.

तिमाही बैठकीला आपल्याजवळ वर्षाचा आकडा नसेल, आणि तसे स्पष्ट सांगावे. त्याऐवजी पहिल्या फेरीचा एक कागद न्यावा : किती जणांनी उत्तर दिले, किती जणांनी दिले नाही, त्या आठवड्यात किती तासांवर परिणाम झाला, त्यांतले किती माणसांनी स्वतःच भरून काढले, आणि बरे नसताना येण्याची कारणे कोणती. उत्तरे निम्म्याहून कमी आली असतील तर तोच सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष समजून आधी कारण शोधावे. आणि रजेचे नियम किंवा इन्सेंटिव्ह बदलण्याचा विचार कंपनीत चालू असेल, तर पहिली फेरी तो बदल जाहीर होण्याआधी पूर्ण करून घ्यावी. जाहीर झाल्यानंतर आधीची स्थिती काय होती, हे कोणत्याही प्रश्नावलीने परत मिळवता येत नाही.